फायटिंगवर ये

सरांचा उजवा अंगठा कायम हलत असायचा. समोर कुणी बोलायला लागलं की तो मांडीवर, टेबलाच्या कडेवर, नाहीतर चहाच्या कपाच्या कानावर टकटक दाबला जायचा. मी तिथे नवीन होते तेव्हा मला वाटलं, काही आजार असेल. मग क्लासमधल्या एका मुलाने खुलासा केला, "ताई, आजार नाही तो. सर तुम्हाला फॉरवर्ड करताहेत."

त्या अंगठ्याला वर्षानुवर्षं एकच काम होतं. जपानी मारामारीच्या कार्टून मालिका लावायच्या, आवाज बंद करायचा, आणि माणसं बोलायला लागली की तिथून उडी मारून पुढच्या हाणामारीवर जायचं. हळूहळू पडद्यावरची माणसं आणि समोरची माणसं यांच्यात सरांना फरक करता येईनासा झाला. कुणी काही सांगू लागलं की म्हणायचे, "फायटिंगवर ये." विद्यार्थ्याची आई आली, मुलाचे डोळे दुखतात हे सांगू लागली, तर तिलाही "फायटिंगवर या, ताई." लहानांना 'ये' आणि मोठ्यांना 'या', एवढा शिष्टाचार मात्र ते पाळत.

जळगावात अजूनही त्यांच्याबद्दल कौतुकाने बोलतात. कुणी अवलिया म्हणतं, कुणी कलंदर. आपल्याकडे माणूस जरा विचित्र वागला की त्याला हे शब्द देऊन सगळं माफ करून टाकतात. मी त्यांच्या हाताखाली काम केलं आहे आणि मला माफ करायची घाई नाही.

क्लास पिंप्राळ्यात होता, एका पिठाच्या गिरणीच्या वर. खाली जात्याची घरघर आणि वर संगणकांवर बसलेला पिठाचा पांढरा थर. सरांच्या खांद्यावर एक मऊ फडकं असायचं. ते दर थोड्या वेळाने उठून सगळ्यांचे स्क्रीन पुसत फिरायचे. मुलांच्या चुका काढताना सुद्धा इतक्या मायेने फिरत नसत. अॅनिमेशन शिकवतात असा बोर्ड होता. धरणगाव, पाचोरा, धुळ्यापासून मुलं यायची. कुणाला हैदराबादला जायचं होतं, कुणाला थेट जपानला. सर मूळचे धुळ्याकडचे, आधी शाळेत चित्रकला शिकवायचे. ते का सोडलं, विचारलं तर म्हणायचे, "तठे पोरं फुलदाणी काढेत." म्हणजे तिथे मुलं फुलदाणी काढायची, आणि सरांच्या मते फुलदाणी हवेत उडून फुटत नसेल तर ती काढण्यात काही अर्थ नव्हता.

माझं काम लिहिण्याचं होतं. क्लासच्या सरावाच्या फिल्म असायच्या, त्यांना अहिराणी संवाद हवे असायचे. पहिल्याच दिवशी सरांनी मला एक चित्र दाखवलं. पांढऱ्या केसांचा एक पोरगा तोंड उघडून उभा. म्हणाले, "इथे किंकाळी लिही."

"किंकाळी काय लिहायची, सर? 'आ' लिहू?"

"किती लांब 'आ' ते लिही. डोंगर फुटेपर्यंत पुरला पाहिजे."

मी वहीत आ लिहीत गेले. ओळ भरली. सरांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "डोंगर मोठा शे."

आता त्या कार्टून मालिकांपैकी एकीबद्दल. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या जातीची कुठलीही घेतलीत तरी चालेल. सरांची ती लाडकी. तिच्यात एक अनाथ पोरगा असतो. त्याचं गाव जळालेलं असतं. तो एका नव्या गावी जातो, तिथे गावाच्या मुळावर उठलेला एक दुष्ट असतो. दुष्ट आपला बेत उभ्या उभ्या सविस्तर सांगतो, जणू ग्रामसभेत ठराव वाचतोय. पोरगा मार खातो, पडतो. पडल्यावर त्याला आई आठवते. आई आठवली की डोळे पेटतात, केसांचा रंग बदलतो, तो आपल्या डावाचं नाव ओरडतो आणि अर्धा डोंगर उडवतो. मग पुढचं गाव, थोडा मोठा दुष्ट, तीच आई. लिहिणाऱ्यांनी एक साचा केला आणि त्यात नुसतं पीठ ओतत राहिले. त्या डोंगरावर कुणी राहत होतं का, हे एकदाही कुणी विचारत नाही. ज्या गावाला वाचवायला तो येतो ते गाव त्याच्याच फटक्यात भुईसपाट होतं, आणि ढिगाऱ्यातून बाहेर आलेले गावकरी धुळीने माखलेल्या तोंडाने त्याचे आभार मानतात. मी हे सरांना एकदा म्हटलं.

"गावकरी बॅकग्राउंड आहेत," सर म्हणाले.

"माणसं आहेत ती."

"बॅकग्राउंडमधली."

चित्रं मात्र देखणी होती, हे नाकारणं खोटेपणा होईल. पाण्यावर तलवार फिरली की पाणी ज्या तऱ्हेने दुभंगायचं, ते बघताना माझाही श्वास अडकायचा. धुराच्या लोटातून ऊन तिरपं पडायचं आणि प्रत्येक कणावर वेगळा उजेड असायचा. शेकडो हातांनी हे काढलं असणार, पाठी मोडून. आणि एवढ्या हातांच्या मेहनतीतून सांगायचं काय, तर पोराला आई आठवली. याचा मला जास्त राग यायचा. वाईट काढलं असतं तर मी फॉरवर्ड केलं असतं.

सरांना राग वगैरे येत नसे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "गोष्ट कसाले पाहिजे? गोष्ट तर बठ्ठास्ना घर शे." गोष्ट काय, ती सगळ्यांच्याच घरी असते, चित्र नसतं. हे वाक्य ते इतक्या खात्रीने म्हणायचे की मुलं ते लिहून घ्यायची.

चित्र मात्र त्यांना कुठेही दिसायचं. शेवभाजीची प्लेट समोर आली की तर्रीवर पडलेला ट्यूबलाइटचा उजेड बघत बसायचे, आणि भाजी निवल्यावर वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, म्हणायचे, "गार कशी दिलीस?" मे महिन्यात भर दुपारी रस्त्याच्या मधोमध स्कूटर थांबवून डांबरावर हलणारी हवा बघायचे. मागून रिक्षावाला ओरडायचा, "ओ काका, सरका, पॅसेंजर वाळून राह्यला." सर हात वर करून त्याला थांबवायचे. वहिनींनी त्यांच्याशी संसार करायची एक रीत शोधली होती. सुरुवात, मधलं काही सांगायचं नाही. दारात उभं राहून एकदम शेवट बोलायचा: "सिलिंडर संपलं." "तुमची बहीण रडून गेली." सर वळून बघायचे आणि म्हणायचे, "हां, हे बरोबर." बहीण का रडली, हे त्यांनी विचारल्याचं मला आठवत नाही.

एकदा धुळ्याहून एका मुलाचे वडील आले. एसटीत कंडक्टर, ड्युटी संपवून खाकी कपड्यांतच आलेले. मुलगा काय शिकतो ते बघायचं होतं. पोराने स्क्रीनवर एक वीर उड्या मारताना दाखवला. वडील बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मस्त आहे. आता माझं काढ बरं."

पोराने त्यांच्याकडे बघून कागदावर काढायला घेतलं. वडील खुर्चीत ताठ बसले, जसे फोटोला बसतात. चित्र झालं. जबडा धारदार, डोळ्यांत ठिणगी, आणि कपाळावरून मागे उडणारे दाट केस. वडिलांच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

वडील हसले. "अरे, मी कुठे आहे यात?"

सर मागून म्हणाले, "केस फुकट दिले ना, भाऊ. घ्या."

वडिलांनी चित्राची घडी करून ते तिकिटांच्या बॅगेत ठेवलं आणि निघून गेले. पोराला काही चुकलं असं वाटलंच नाही. डोंगर फोडायला शिकलेल्या त्या मुलांपैकी एकालाही खुर्चीत बसून पोराकडे बघणारा बाप काढता येत नव्हता. ते सरांनी शिकवलंच नव्हतं, कारण त्यात फायटिंग नव्हती.

मी वाढले यावल तालुक्यात, पत्रकांमध्ये. माझे वडील, त्यांना सगळे नाना म्हणतात, मजुरांच्या सभांची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात डब्यांखाली पत्रकं, फडताळात पत्रकं, आणि मी अक्षरं ओळखायला शिकले तीही पत्रकांवरून. नानांचा एकच नियम होता: कोणी केलं, कुणाला केलं, कुठे केलं. मी लहानपणी एकदा त्यांच्या मसुद्यात 'शोषणाचा राक्षस' असं भारदस्त लिहिलं होतं. नानांनी ते खोडलं. म्हणाले, "राक्षसाला कुणी घाबरत नाही. खाली त्या माणसाचं नाव लिही, मग बघ." म्हणून सरांशी माझं कधी जमणार नव्हतं. ते मला 'पत्रकबाई' म्हणायचे. मी ते नाव आनंदाने लावून घेतलं.

आता अक्काचं. अक्का म्हणजे नानांची बहीण, माझी आत्या. केळीच्या बागांमध्ये बुंध्याशी फुटलेली पिलं कापायच्या कामाला जायची. गावातल्या बायकांना बागेत न्यायला मुकादमाची पिकअप यायची. त्या पिकअपच्या मागच्या फाळक्याची कडी तुटलेली होती आणि फाळका दोरीने बांधलेला असायचा. एका सकाळी वळणावर दोरी सुटली, फाळका उघडला आणि अक्का रस्त्यावर पडली. तिचा उजवा हात खांद्यातून मोडला. आता तो खांद्याच्या वर उठत नाही, आणि त्या हाताने कोयता धरता येत नाही म्हणजे तिला काम नाही.

मुकादम म्हणाला, ती माझ्या गाडीत नव्हतीच. घरी ओट्यावरून पडली. गाडीत आणखी तिघी होत्या. तिघींनी तोंडं मिटली, कारण जी बोलेल तिला दुसऱ्या दिवशी कामाची हाक येणार नाही. आमच्या वकिलांनी सांगितलं, तिघींपैकी दोघी जरी खरं सांगायला उभ्या राहिल्या तरी अक्काचं प्रकरण उभं राहील. नानांनी पत्रक काढलं. लोकांनी वाचलं आणि घडी करून खिशात घातलं. त्या तिघींना तर वाचताच येत नव्हतं.

मला वाटलं, चित्र दाखवू. लहानशी फिल्म, गावाच्या समाजमंदिरात. मी लिहिलं ते एका पानात मावलं. सकाळ. मुकादम हाक मारतो. अक्का म्हणते, कडी तुटली आहे. तो म्हणतो, बसा, उशीर होतोय. चौघी बसतात. वळण. बस्स. त्या तिघींनी पडद्यावर स्वतःला गाडीत बसलेलं बघितलं तर त्यांना धीर येईल, असा माझा हिशेब होता.

सरांनी पान वाचलं. अंगठा पानाच्या कडेवर टकटकत होता.

"हे पत्रक शे," ते म्हणाले. "यात फायटिंग कुठे?"

"हीच फायटिंग, सर. ती म्हणते कडी तुटली, तो म्हणतो बसा."

"हे तर बोलणं झालं." मग त्यांनी मान वर केली. "केळीची बाग आहे ना? सकाळचं ऊन पानाच्या मागून येतं का?"

"येतं."

"मग करू. फुकट करू."

हे त्यांच्या बाजूने नोंदवते. एक पैसा घेतला नाही. क्लासच्या मुलांना कामाला लावलं, आणि स्वतः माझ्याबरोबर एसटीने यावलला आले.

तिथे ते अक्काच्या ओट्यावर बसले. अक्काने सगळं सांगितलं, पहिल्यापासून. सर पुढच्या चाफ्याच्या झाडाकडे बघत होते आणि अंगठा मांडीवर चालू होता. अक्का मध्येच थांबली. मला म्हणाली, "याच्या अंगठ्याले काय झालं वं?"

"सवय आहे त्यांची."

"माह्या हातासारखा तं नाही झाला ना?" अक्का म्हणाली. सरांनी ऐकलं नाही.

नंतर ते मुकादमाच्या गोदामाबाहेर उभ्या असलेल्या त्या पिकअपसमोर रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले आणि दुपारभर बसले. गाडी अजून रोज बायका घेऊन जात होती. कडी अजून तुटलेलीच होती. फाळक्याच्या गंजलेल्या कडेला दोरी होती आणि दोरीच्या जोडीला एक पिवळं फडकं बांधलेलं, विटलेलं, काठावर बारीक कोयऱ्या. सरांनी ते कागदावर काढलं. गंज जिथे पोपडा धरून उठला होता तो पोपडा काढला, फडक्याची गाठ काढली, गाठीतून निसटलेला एक धागा काढला. "गंजावर पिवळा बघ," ते म्हणाले, "जपानवाल्यांना सुचणार नाही." अक्काचा हात त्या माणसाने एकदाही नीट बघितला नाही. फडक्याचा धागा मात्र बघितला.

फिल्म पूर्ण झाल्याशिवाय कुणाला दाखवायची नाही, हा क्लासचा नियम. मलाही दाखवली नाही. मी ती बघितली ती गावाबरोबरच.

समाजमंदिरात सांज झाल्यावर लोक जमले. भिंतीवर पांढरी चादर. बायका एका बाजूला, त्यात अक्का आणि अक्काच्या मागे तिची शेजारीण, जी त्या दिवशी गाडीत तिच्या मांडीला मांडी लावून बसली होती. बाकी दोघीही आल्या होत्या. आणि कुणी न बोलावता मुकादम आला. त्याला कुणीतरी पुढे खुर्ची दिली. आमच्याकडे मुकादम उभा राहिला की खुर्ची आपोआप येते.

नानांनी दिवे घालवले. फिल्म सुरू झाली.

केळीच्या बागेतली सकाळ अशी होती की मागच्या एका म्हाताऱ्याच्या तोंडून "आबाबा" निघालं. पानांच्या शिरा उजेडाने पेटल्या होत्या. मग पिकअप, तिचा फाळका, गंज, पिवळं फडकं, अगदी जवळून. आणि मग पिकअपने रस्ता सोडला आणि ती हवेत उडाली. सातपुड्याच्या वरून उडाली. डोंगर दुभंगला. त्यातून एक राक्षस निघाला, रेड्याची शिंगं, तीन डोळे, नाकातून धूर. गाडीतून एक बाई उतरली, केस कमरेपर्यंत उडणारे, आणि तिला आई आठवली. डोळे पेटले. उजव्या हाताने तिने कोयता डोक्याच्या वर उचलला, माझ्या वहीतली ती लांबलचक किंकाळी फोडली आणि राक्षसाचे दोन तुकडे केले. आकाश लाल झालं. समाप्त.

मुकादमाने हाक मारलेली नव्हती. कडी तुटली आहे असं कुणी म्हणालं नव्हतं. बाकी तिघी कुठेच नव्हत्या.

पोरं नाचायला लागली. टाळ्या पडल्या, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या पुढच्या खुर्चीतून आल्या.

"भारी काढलं भो," मुकादम म्हणाला. "हा राक्षस कुठला?"

"सातपुड्यातला," सर म्हणाले.

"मेला ते बरं झालं." लोक हसले. मुकादमही हसला, मोकळा. हसणारच. रेड्याची शिंगं त्याला कुठे होती? राक्षसाचे दोन तुकडे झाले होते आणि मुकादमाच्या सदऱ्याची इस्त्रीही मोडली नव्हती. नानांकडे माझ्याने बघवलं नाही.

अक्का पुढे वाकून मला म्हणाली, "तो माहा हात व्हता का वं? तो तं उठला." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती खरंच विचारत होती.

पोरं ओरडत होती, "परत लावा, परत." सरांना कुणी असं म्हणावं, याचीच ते वाट बघत असावेत. त्यांनी परत लावली. बाग आली, पिकअप आली, फाळका आला, फडकं आलं. आणि अक्काच्या मागून शेजारणीचा आवाज आला, हळू, जसं माणूस स्वतःशी बोलतं.

"ही तं माही साडी हाये."

पोरं गप्प होईनात, पण पुढच्या खुर्चीत मान वळलेली मी पाहिली.

"सर, पॉज करा," मी म्हणाले.

जो माणूस आयुष्यभर फ्रेम थांबवून बघत आला, तर्रीवरचा उजेड थांबून बघत आला, तो मला म्हणाला, "आता फायटिंग येतेय."

"सर, थांबवा."

"थांब ना, पत्रकबाई. डोंगर फुटू दे."

गाडी उडाली. किंकाळी सुरू झाली आणि त्या किंकाळीखाली शेजारणीचं पुढचं वाक्य गेलं. मी उठले आणि प्रोजेक्टर आणि लॅपटॉप दोन्ही जिच्यावर चालत होते ती वायर भिंतीतून उपसून काढली; लॅपटॉपची बॅटरी तर कधीच मेली होती.

काळोख झाला. पूर्ण. सर ओरडले, "कोण शे ते? लाइट गई का?" लाइट गेली नव्हती, वरचा पंखा फिरत होता. पोरं बावरून गप्प झाली. त्या गप्पपणात अक्का म्हणाली, "सांग ना. साडीचं काय म्हनून राह्यली व्हती?"

मग शेजारीण बोलली. अंधारात तिचा आवाज दिवसाच्या आवाजापेक्षा मोठा होता. "माह्या साडीचा काठ हाये तो. मीच फाडला. दोरी पुरेना म्हनून त्या दिवशी सकायी मीच बांधला, गाडीत बसता बसता. अक्का म्हने, कडी तुटेल हाये. मुकादम म्हने, बसा."

पुढे खुर्ची करकरली. "लाइट लावा रे," मुकादमाचा आवाज आला. दिव्यांची बटणं नानांच्या मागे होती. नाना भिंतीला पाठ लावून उभे होते. ते हलले नाहीत.

मग दुसऱ्या कोपऱ्यातून, अगदी बारीक, "मी बी व्हती. मी फायक्याजवळ बसेल व्हती. ती पडली तं माह्या हातातून तिचा पदर सुटला."

"लाइट लावा म्हनतो ना."

कुणी लावली नाही. कोण बोललं ते गावाला आवाजावरून कळलंच होतं, अंधार काही लपवत नव्हता. पण मुकादमाचं तोंड दिसत नव्हतं, एवढं दोघींना पुरलं. त्या एकमेकींना आठवण देत बोलत राहिल्या, वळण कुठलं, ड्रायव्हर काय म्हणाला, रक्त थांबवायला काय बांधलं. आणि त्या बोलण्याच्या मधून मधून, माझ्या उजव्या हाताला, मला एक बारीक आवाज येत होता. टक. टक. टक. सर बंद पडद्यासमोर बसून लॅपटॉपचं बटण दाबत होते.

त्या दोघींनी नंतर वकिलांसमोरही तेच सांगितलं. तिसरी अजून म्हणते, मी त्या दिवशी घरी होते. दोघींना मुकादमाची हाक येत नाही, त्या आता दुसऱ्या गावच्या गाडीने जातात. अक्काचं प्रकरण चालू आहे. फडकं मात्र दुसऱ्याच दिवशी गाडीवरून नाहीसं झालं आणि फाळक्याला नवी कोरी कडी बसली. ते फडकं आता फक्त सरांच्या फिल्ममध्ये आहे, त्या एका फ्रेममध्ये, धाग्यासकट. वकिलांनी ती फ्रेम मागून घेतली. सरांनी ती आनंदाने दिली आणि विचारलं, "रंग बरोबर छापतील ना?"

फिल्म दाखवल्याच्या दुसऱ्या दिवशी जळगावला परत येताना एसटीत सर खिडकीशी बसले होते. बराच वेळ बाहेर बघत होते. मला वाटलं, काही बोलतील. बोललेही.

"काळी फ्रेम फार लांबली," म्हणाले. "इतकी ठेवायची नसते. पब्लिक उठून जातं."

"कुणी उठलं नाही, सर."

अंगठा थांबला. त्यांनी यावर खरोखर विचार केला. "हां," म्हणाले. "कुणी उठलं नाही."

मी त्या महिन्यात काम सोडलं. पुढच्या फिल्मची मला मुलांकडून बातमी लागली. सरांनी नवीन प्रयोग केला, म्हणे. ऐन मारामारीत, तलवार उचललेली असताना, सगळा पडदा काळा होतो आणि तसाच राहतो. फार भारी वाटतं, ताई, बघाच. मी मुद्दाम पिंप्राळ्यात जाऊन बघितली. पडदा काळा झाला. मी कान देऊन बसले. खाली गिरणी चालू होती. त्या काळोखात कुणीच काही बोललं नाही, आणि मग डोंगर फुटला.